हात बसलेले वाद्य

दिवाळी आटोपली आणि धानाची कापणी मार्गी लागली की गोंदिया-भंडाऱ्याच्या गावोगावी मंडई भरू लागते. गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरपासून थेट सालेकसा-देवरीच्या जंगलपट्ट्यापर्यंत दिवसा बाजार आणि रात्री दंडार, खडी गंमत, झाडीपट्टीचे नाटक किंवा ऑर्केस्ट्रा असा हा हंगाम चालतो. मांडव, दिवे, जनरेटर, कर्णे सारे भाड्याने मिळते. ताल धरणाऱ्याचे वाद्य मात्र सहसा त्याच्याबरोबरच येते. ढोलकी, तबला-डग्गा किंवा ऑक्टोपॅड या उचलून नेता येणाऱ्या वस्तू आहेत, म्हणून तो त्या आणतो, असे वाटू शकते. पण पाश्चात्त्य पद्धतीचा पूर्ण ड्रम संच घ्या. तो इतका अवजड असतो की मोठ्या शहरांतल्या कार्यक्रमांत एकच संच मंचावर मांडलेला असतो आणि एकामागून एक येणारे ड्रमर त्यावरच वाजवतात. तरीही प्रत्येकजण येताना स्नेअर ड्रम, सिंबल, पायाचे पेडल आणि काठ्या स्वतःच्या आणतो. पुष्कळजण बसायचे स्टूलही आणतात. मोठे ढोल दुसऱ्याचे चालतात, एवढ्या वस्तू मात्र चालत नाहीत. वादकाची निष्ठा कशावर जडते हे समजून घ्यायचे तर तो काय विकत घेतो यापेक्षा काय उसने घ्यायला तयार होत नाही, हे पाहिले पाहिजे. या प्रकरणाचा सगळा युक्तिवाद त्या एका निरीक्षणावर उभा आहे.

सर्वसाधारण समजूत अशी की वाद्याची निवड नावावर होते. थोर वादक जे वाजवतो ते त्याचे चाहते घेतात, कंपन्या म्हणूनच थोर वादकांशी करार करतात आणि आपण ज्याला निष्ठा म्हणतो ती जाहिरातीची कमाई असते. या समजुतीला आधार नाही असे नाही. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्सचा कार्यक्रम अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर झाला आणि सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो पाहिला. त्यांचे ड्रमर रिंगो स्टार यांच्या पुढच्या मोठ्या ढोलावर लुडविग हे नाव ठळक दिसत होते. त्यानंतर मागणी इतकी वाढली की लुडविगचा कारखाना रात्रंदिवस चालवावा लागला. यावरून माणूस पहिला संच कसा घेतो ते कळते. तो संच तीस-चाळीस वर्षे का ठेवतो, हे मात्र कळत नाही. विकत घेणे आणि टिकून राहणे या दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांची कारणे एकच असतील असे मानायला आधार नाही.

उलट, ज्यांना कोणतीही कंपनी हवा तो संच आनंदाने फुकट देईल अशा वादकांचे वागणे पाहावे. रोलिंग स्टोन्सचे चार्ली वॉट्स १९५७ साली बनलेला एक जुना ग्रेच संच दशकानुदशके वाजवत राहिले, २०२१ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत. बडी रिच यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. हातांच्या वेगासाठी विसाव्या शतकात त्यांच्या तोडीचे फार थोडे ड्रमर झाले. स्लिंगरलँड, रॉजर्स, लुडविग अशा कंपन्यांशी त्यांचे करार वेळोवेळी झाले आणि मंचावरच्या ढोलांवरची नावे बदलत गेली. पण १९८७ साली निधन होण्यापूर्वीच्या वर्षांत ते १९४० च्या दशकातल्या, नीट दुरुस्त केलेल्या स्लिंगरलँड रेडिओ किंग संचावर वाजवत होते. तरुणपणी हाताखाली असलेल्या घडणीचेच ते वाद्य होते. नावांच्या मागे लागलेला माणूस असा मागे वळत नाही. करार नावाशी होतो आणि हात दुसऱ्याच कशाशी तरी बांधला जातो. ते दुसरे काय, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधायला आपल्याकडच्या वाद्यांचा गेल्या काही दशकांचा इतिहास फार उपयोगी पडतो. या काळात जवळजवळ प्रत्येक तालवाद्यात काही ना काही बदल सुचवला गेला, आणि वादकांनी कोणता बदल स्वीकारला, कोणता झिडकारला, याची नोंद आपल्या डोळ्यांसमोर आहे. पुण्याच्या गणेशोत्सवातल्या ढोलाचे चामड्याचे पान जाऊन प्लास्टिकचे पान आले आणि पथकांनी ते फारशी खळखळ न करता घेतले. ताशाचेही तसेच झाले. पाश्चात्त्य ड्रमवरचे वासराचे कातडे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मायलर नावाच्या पातळ प्लास्टिकने हटवले. रेमो बेली यांनी त्यासाठी १९५७ मध्ये सुरू केलेली कंपनी बघता बघता जगभर पोचली. ढोलकीला दोरी-कड्यांऐवजी नटबोल्टचा ताण आला, तोही पुष्कळांनी स्वीकारला. पण तबला, पखवाज आणि ढोलकीच्या शाईच्या तोंडावरचे कातडे आजही बकऱ्याचेच आहे. आता ही यादी एका वेगळ्या नजरेने पाहू. ज्या वाद्यांवर काठी, टिपरू किंवा बांबूची छडी पडते त्यांनी कातडे सहज सोडले. ज्यांवर बोटे आणि तळहात थेट पडतात, त्यांनी ते सोडले नाही. नटबोल्ट हातापासून दूर, खोडाच्या अंगावर बसतो, म्हणून तो खपला. बदल हाताच्या स्पर्शापासून जितका लांब तितका तो वादकाला मान्य होतो, आणि स्पर्शाच्या जितका जवळ तितका त्याला विरोध होतो.

हाताला एवढे काय कळते, असे कोणी विचारील. त्यासाठी थोडे भौतिकशास्त्र लागेल. चारही बाजूंनी सारखे ताणलेले साधे गोल कातडे वाजवले की त्यातून एकाच वेळी अनेक कंपने निघतात आणि त्यांची प्रमाणे बेसूर असतात. मूळ कंपन १ धरले तर पुढची साधारण १.५९, २.१४, २.३० अशी येतात. तारेच्या कंपनांसारखी ती १, २, ३, ४ अशा पूर्णांकांत बसत नाहीत, म्हणून साध्या ढोलातून स्पष्ट स्वर ऐकू येत नाही. मृदंग-तबल्यातून मात्र तो येतो. याचे कारण चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शोधले. वित्तखात्याच्या नोकरीत १९१० च्या सुमारास काही काळ नागपुरातही राहिलेले हे शास्त्रज्ञ पुढे कलकत्त्याला गेले, आणि तिथून १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात यावर टिपण लिहिले. १९३० च्या दशकात सविस्तर निबंधही लिहिला. पुडीच्या, म्हणजे कातडी तोंडाच्या, मधोमध शाईचे वजन आल्यामुळे बेसूर कंपने खेचली जाऊन जवळजवळ पूर्णांकी प्रमाणात बसतात, आणि कातड्यातून तारेसारखे पाच स्वरसंवादी नाद मिळतात, हे त्यांनी दाखवून दिले. लोखंडाचा कीस आणि खळ यांचे पातळ थर एकावर एक देऊन, प्रत्येक थर दगडाने घोटून शाई तयार होते. घोटताना तिला बारीक भेगा पडतात आणि त्यामुळेच ती कडक असूनही कातड्याबरोबर हलते. कारागिराच्या हाताखाली ही गोष्ट शेकडो वर्षे घडत आली होती. रामन यांनी तिच्यामागचे गणित मांडले.

रामन यांच्या शोधातली आपल्या विषयाला लागू पडणारी बाजू अशी, की यातला कोणता नाद निघावा हे बोट कुठे पडते, किती वेळ टेकते आणि दुसरे बोट कुठे हलके ठेवलेले असते यावर ठरते. अनामिका शाईच्या कडेवर टेकवून तर्जनी चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेच्या पट्टीवर, मारली की काही कंपने दबतात, काही मोकळी राहतात, आणि त्यातून ‘ना’ उमटतो. बोट दोन-चार मिलिमीटर सरकले तर बोल मळतो. प्रत्येक पुडीवर शाईचा घेर, चाटेची रुंदी आणि मधल्या मैदानाची पट्टी थोडी वेगळी असते, कारण ती हाताने घडवलेली असते आणि दोन बकऱ्यांचे कातडे कधीच सारखे नसते. वादक वर्षानुवर्षे रोज रियाज करतो तेव्हा त्याच्या बोटांत हीच मोजमापे उतरतात. पुढे तो विचार करून बोट ठेवत नाही. ते आपोआप योग्य जागी जाते. ती जागा मात्र एका विशिष्ट घडणीच्या पुडीवरची असते. पुडीची घडण बदलली की तो अचूकपणा काही काळ हरवतो. तबलजीला नव्या पुडीवर हात बसवायला दिवस लागतात त्याचे हे कारण आहे.

काठीने वाजवणाऱ्याचे गणित निराळे, पण तत्त्व तेच. ड्रमवर काठी पडते तेव्हा ती पृष्ठभागाला सेकंदाच्या काही सहस्रांश भागापुरतीच चिकटलेली असते आणि लगेच उसळते. वेगाने वाजवणारा ड्रमर प्रत्येक ठोका स्वतःच्या ताकदीने मारत नाही. पहिल्या ठोक्याची उसळी पकडून तो पुढचा काढतो. म्हणजे वाद्य त्याला अर्धे काम परत देत असते, आणि किती देईल याचा अंदाज हाताने आधीच बांधलेला असतो. स्नेअर थोडा ढिला असला, पेडलची स्प्रिंग थोडी कडक असली, स्टूल दोन बोटे खाली असले की हा अंदाज चुकतो. मघाशी पाहिलेली यादी इथे उलगडते. ड्रमर जे बरोबर आणतो ते नेमके उसळी देणारे किंवा शरीराची उंची ठरवणारे भाग आहेत. ज्या मोठ्या ढोलांवर तो अधूनमधून चार ठोके मारतो ते उसने चालतात.

यावर पहिला गंभीर आक्षेप हवामानाचा आणि सोयीचा आहे. गोंदिया हा भातशेतीचा, तलावांचा आणि भरपूर पावसाचा जिल्हा आहे. आषाढ-श्रावणात हवेत इतका ओलावा असतो की कातडे सैल पडते, आणि वैशाखात पारा ४५ अंशांजवळ गेला की तेच कातडे ताणून फुटायला येते. डफडे वाजवणारे म्हणूनच पाचोळा पेटवून त्यावर वाद्य शेकतात. अशा ठिकाणी शहाण्या माणसाने प्लास्टिक घ्यावे आणि मोकळे व्हावे, मग कातड्याला चिकटून राहणे हा निव्वळ सवयीचा हट्ट नाही का, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप अर्धा खरा आहे, आणि त्याचा खरा अर्धा भाग आपल्या युक्तिवादाला पुष्टीच देतो. जिथे ताल महत्त्वाचा आणि स्वराची नजाकत दुय्यम, अशा वाद्यांनी खरोखरच प्लास्टिक घेतले आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतल्या भजनांमुळे विदर्भाच्या घराघरात पोचलेली खंजिरी घ्या. ती हातानेच वाजते, तरी तिच्यावर प्लास्टिकचे तोंडही चालते. तेव्हा हाताने वाजणारे प्रत्येक वाद्य कातडे धरून राहते असा सरसकट नियम करता येणार नाही. नियम थोडा सुधारून मांडायला हवा. एकाच पृष्ठभागावर हाताला किती वेगवेगळ्या जागा आणि किती वेगवेगळे बोल शिकावे लागतात, त्यावर निष्ठेची घट्टता ठरते. खंजिरीवर त्या जागा थोड्या, तबल्यावर पुष्कळ. दक्षिणेत कृत्रिम तोंडाचे मृदंग बनवण्याचे कसोशीचे प्रयत्न झाले आहेत आणि काही वादकांनी ते आपलेसेही केले. पण त्या प्रयत्नांचा सगळा भर हाताला कातड्याचाच प्रतिसाद मिळावा यावर आहे. बदल घडवू पाहणाऱ्यांनाही अडचण कुठे आहे हे ठाऊक आहे.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे आणि तो आपल्या गावातूनच येतो. गोंदिया, नागपूर, दुर्ग, रायपूर या पट्ट्यातल्या वरातींमध्ये आणि मिरवणुकांमध्ये धुमाल वाजतो, ऑर्केस्ट्रे असतात, आणि त्यांत तालाचा मोठा भार ऑक्टोपॅडवर असतो. ऑक्टोपॅड म्हणजे चार-चारच्या दोन ओळींत मांडलेल्या आठ रबरी चकत्या. काठी पडली की आतला संवेदक यंत्राला कळवतो आणि साठवलेला आवाज कर्ण्यातून बाहेर येतो. जपानच्या रोलँड कंपनीने १९८५ मध्ये पहिला ऑक्टोपॅड काढला. त्याला आवाजासाठी दुसरे यंत्र जोडावे लागे. १९९८ मध्ये आलेल्या एसपीडी-२० मध्ये सुमारे ७०० आवाज आतच होते आणि वादकाला आपल्या पसंतीच्या ९९ जुळण्या साठवता येत. हे यंत्र भारतात प्रचंड चालले. पुढे २०१० मध्ये त्याच कंपनीने एसपीडी-३० आणले, काठीचा हलका-जड ठोका अधिक बारकाईने ओळखणारे आणि वाजवलेला ठेका साठवून पुन्हा वाजवू शकणारे. तरीही भारतातले असंख्य वादक एसपीडी-२० लाच धरून राहिले, आणि अखेर कंपनीला जुन्याच आवाजांसह एसपीडी-२० प्रो या नावाने नवे यंत्र काढावे लागले. इथे कातडे नाही, शाई नाही, कारागिराच्या हाताचा फरक नाही. कारखान्यातून निघालेले प्रत्येक यंत्र सारखेच. निष्ठा जर खरोखर कातडे आणि हात यांच्या नात्यातून येत असेल, तर इतकी घट्ट निष्ठा रबराच्या चकतीवर का?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तर देताना युक्तिवाद अधिक नेमका होतो. ऑक्टोपॅड वाजवणाऱ्याच्या हाताला उसळी लागतेच; रबराचीही ठरावीक उसळी असते आणि कोणत्या जोराला संवेदक जागा होतो याची खूणगाठ हाताने बांधलेली असते. पण याहून मोठी गोष्ट आठ चकत्यांच्या मांडणीची आहे. लावणी सुरू झाली की ढोलकीचा कडक बोल कोणत्या चकतीवर, गोंडी नाचाचा ठेका आला की घुमारा कोणत्या चकतीवर, आणि पुढच्या गाण्याची जुळणी कोणत्या क्रमांकावर, हे वादकाने वर्षानुवर्षांच्या कार्यक्रमांतून स्वतः ठरवलेले आणि साठवलेले असते. एका गाण्यावरून दुसऱ्यावर जायला त्याला जेमतेम एक-दोन सेकंद मिळतात. तेवढ्यात पाय, बोट आणि डोळा यांनी न चुकता योग्य ठिकाणी जावे लागते. नव्या यंत्रात चकत्या तितक्याच असल्या तरी आवाजांचे क्रमांक निराळे, बटणे निराळ्या जागी, आणि तोच म्हणवला जाणारा आवाज किंचित वेगळा. वर्षांची मेहनत ज्या जागी साठलेली असते, तिथे माणूस राहतो. तबलजीची मेहनत त्याच्या बोटांत आणि पुडीच्या घडणीत वाटली गेलेली असते. पॅडवाल्याची मेहनत त्याच्या मनगटात आणि यंत्राच्या स्मृतीत. वाद्याचा पदार्थ कोणता, हे त्यामानाने गौण आहे. याशिवाय ऐकणाऱ्यांचाही हक्क आहे. पंचवीस वर्षे लग्नाच्या मिरवणुकीत कानांवर पडलेला तो विशिष्ट आवाज आला नाही तर नाचणाऱ्यांचा पाय अडखळतो, आणि त्याची पहिली झळ वादकालाच लागते.

तिसरा आक्षेप प्रयोगशाळेतून येतो. डोळ्यांवर पट्टी बांधली तर वादकाला आपले लाडके वाद्य ओळखता तरी येईल का? ड्रमवर असा प्रयोग करणे फार अवघड, कारण ते वाद्य हाताला न कळता वाजवता येत नाही. पण व्हायोलिनवर असा एक गाजलेला प्रयोग झाला आहे. क्लॉडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात २१ व्हायोलिनवादकांना अंधूक उजेडात, डोळे झाकणारे चष्मे घालून सहा व्हायोलिने वाजवायला दिली. तीन नवी होती आणि तीन जुनी, त्यांत दोन स्ट्रॅडिव्हॅरियसची. सर्वाधिक पसंती एका नव्या व्हायोलिनला मिळाली, आणि सर्वांत कमी पसंतीचे वाद्य एक स्ट्रॅडिव्हॅरियस ठरले. जुनी कोणती, नवी कोणती हे बहुतेकांना सांगता आले नाही. पुष्कळांनी यातून वादकांची सारी निष्ठा हा भ्रम आहे असा निष्कर्ष काढला, आणि तो मला घाईचा वाटतो. या प्रयोगाने नावाची किंमत कमी केली, हे मान्य केले पाहिजे. पण वादकांना आवडी नव्हत्या असे त्यातून दिसले नाही. प्रत्येकाने आपापल्या हाताला आणि कानाला रुचलेले वाद्य निवडलेच. ती निवड नावाप्रमाणे झाली नाही, एवढेच. शिवाय हा प्रयोग तासाभराच्या ओळखीचा होता. दहा वर्षे एकाच वाद्यावर रियाज केलेल्याला तेच वाद्य आणि त्याच्यासारखे दिसणारे दुसरे दिले तर काय होईल, हे विचारणारा प्रयोग वेगळा असेल.

तबल्याच्या जगात नावाचे आकर्षण कारखान्यापेक्षा कारागिराकडे वळते, आणि तिथे निष्ठेचे कारण स्पष्ट दिसते. उस्ताद झाकिर हुसेन यांना जगातला कोणताही तबला मिळू शकत होता. १९९८ पासून त्यांचे तबले बनवणारे हरिदास व्हटकर हे मूळ मिरजेच्या, तिसऱ्या पिढीच्या कारागीर घराण्यातले, मुंबईत कारखाना थाटलेले. १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाकिर हुसेन यांचे निधन झाले, तोवर हा धागा टिकून होता. तबलजीकडे वेगवेगळ्या पट्टीचे अनेक तबले असतात. काळी एकला एक, पांढरी चारला दुसरा. मग निष्ठा एका वाद्यावर कुठे राहिली? वाद्यावर ती नाहीच. ती घडवणाऱ्याच्या हातावर आहे. पुडी नाशवंत असते. रोज वाजणाऱ्या तबल्याची पुडी फार दिवस टिकत नाही, बदलावीच लागते. प्रत्येक नवी पुडी आधीच्या पुडीच्या जितकी जवळ जाईल तितका वादकाचा रियाज वाया जाण्यापासून वाचतो. चाट किती रुंद, शाई किती उंच, मैदानावर बोट कसे बसते, याची त्या वादकापुरती आठवण कारागिराच्या बोटांत असते. लहान गावातल्या तबलजीला हे अधिकच जाणवते. त्याच्याकडे दहा तबले नसतात. एकच असतो, आणि त्याची पुडी भरून देणारा ओळखीचा माणूस म्हातारा झाला किंवा धंदा सोडून गेला की त्या तबलजीचे वादन महिनोन् महिने अडखळते. शाई घोटणारे हात टिकावेत, त्यांना योग्य मोल मिळावे, यासाठी शास्त्रीय संगीताच्या संस्था आणि नाट्यमंडळ्या यांनी पैसा खर्च करायला हवा असे मला ठामपणे वाटते, कारण तिथे वादकांची अर्धी विद्या ठेवलेली आहे.

हा युक्तिवाद बरोबर असेल तर त्यातून एक भाकीत निघते. निष्ठा शरीर आणि वाद्य यांच्या जुळणीवर असेल, तर शरीर बदलल्यावर वाद्यही बदलले पाहिजे. असे एक उदाहरण खरोखरच घडले आहे. डेफ लेपर्ड या इंग्लिश रॉक समूहाचे ड्रमर रिक ॲलन यांनी ३१ डिसेंबर १९८४ रोजी मोटार अपघातात डावा हात गमावला. त्यांनी ढोल सोडले नाहीत, पण जुन्या संचालाही ते चिकटून राहिले नाहीत. डाव्या हाताचे ठोके डाव्या पायाने काढता येतील असा इलेक्ट्रॉनिक पेडल जोडलेला संच त्यांच्यासाठी तयार झाला, पायाला नव्याने शिकवावे लागले, आणि १९८६ मध्ये ते पुन्हा मंचावर आले. त्या घडणीचा संच ते पुढे दशकानुदशके वाजवत राहिले. जुन्या सवयीचा हट्ट असता तर हे झाले नसते. नव्या शरीराची नव्या वाद्याशी जुळणी झाली, आणि त्या जुळणीला ते तितकेच धरून राहिले.

आता या युक्तिवादाची मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण विदर्भात ती सांगितल्याशिवाय हे प्रकरण अप्रामाणिक ठरेल. आतापर्यंतची सगळी चर्चा वाद्य निवडणाऱ्यांची होती. पण आपल्या गावगाड्यात तालवाद्ये पुष्कळांच्या गळ्यात जन्माने अडकवली गेली. मेलेले जनावर ओढणाऱ्याने कातडे कमवायचे, डफडे वाजवायचे, आणि ज्याच्या दारात वाजवायचे त्याच्या घरात पाऊल टाकायचे नाही, ही रीत होती. त्या हातांचाही रियाज पिढ्यांचा होता, त्यांचीही बोटे कातड्याला सरावलेली होती. निष्ठा जर निव्वळ हाताच्या सवयीतून आली असती, तर त्यांनी ते वाद्य कधीच सोडले नसते. त्यांनी ते सोडले. १९२० च्या दशकापासून आंबेडकरी चळवळीने अपमानाची गावकीची कामे टाकून देण्याचा आग्रह धरला, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाल्यावर विदर्भातल्या असंख्य कुटुंबांनी गावाचा बाजा कायमचा बंद केला. हाताची सवय मोठी असते. माणसाची प्रतिष्ठा तिच्याहून मोठी ठरली. म्हणून वादकाच्या निष्ठेला स्वेच्छेची अट आहे. ही अट पाळली जाते तिथेच हातातला रियाज निष्ठेत रूपांतरित होतो. आणि संगीत त्या घरांतून गेले नाही. आंबेडकरी जलसे उभे राहिले, वामनदादा कर्डकांसारखे शाहीर गावोगाव फिरले, आणि भीमगीतांच्या मंचावर ढोलकी, तबला, ढोलक घेऊन नवे वादक बसले. आज गोंदियाच्या आसपास १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ऑक्टोपॅडवर ताल धरणाऱ्या तरुणाने आपले वाद्य स्वतः विकत घेतलेले असते, त्यातल्या जुळण्या स्वतः रचलेल्या असतात, आणि ते तो दुसऱ्याच्या हाती सहजासहजी देत नाही.